एअर रायफलला ट्यूनिंग किट बसवताना : आधी सारखेपणा, मग वेग

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत खंडेनवमीला पाटावर सुरी, कातर, पाने-पकडी यांच्या शेजारी कधी कधी एक छऱ्याची बंदूकही मांडलेली असते. आजोबांनी किंवा काकांनी हौसेने घेतलेली, लाकडी दस्त्याची, नळी मोडून भरायची. वर्षातून एकदा ती पुसायची, भोकात शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा कपाटावर ठेवून द्यायची. आता घरातली मुलं नेमबाजीकडे वळू लागली आहेत. महूला लष्कराचं, नेमबाज घडवणारं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ऑलिंपिकपर्यंत पोचला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. मग कपाटावरची बंदूक खाली येते, मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघून होतात आणि प्रश्न येतो : "काका, हिला ट्यूनिंग किट बसवलं तर वेग किती वाढेल?"

वेग फारसा वाढणार नाही, आणि वेगासाठी किट, म्हणजे आतली स्प्रिंग-वॉशर बदलायच्या सुट्या भागांचा संच, घेऊही नये. चांगल्या किटचं काम वेगळं आहे. आधीचा छर्रा ज्या जोराने सुटला त्याच जोराने पुढचा सुटावा, आणि सुटताना बंदूक हातात कमीत कमी हलावी, यासाठी ते असतं. हे एकदा नीट उमगलं की कोणतं किट घ्यायचं, कोणतं टाळायचं, कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे बरंचसं आपोआप कळतं.

हा लेख स्प्रिंगच्या बंदुकीबद्दल आहे. स्पर्धेत आज ज्या रायफली दिसतात त्यांच्या नळीखाली हवेचं सिलिंडर असतं, साधारण २०० बार दाबाने भरलेलं. त्यात पिस्टन नसतो, धक्का जवळजवळ नसतो, आणि त्यांचं रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह घरच्या टेबलावर उघडायचं कामच नाही. दाबाखालचं सिलिंडर ही कंपनीच्या माणसाने हाताळायची वस्तू आहे. ते एवढ्यावरच सोडतो.

आत काय घडतं

नळी मोडून खाली ओढली की एक दांडा पिस्टनला मागे रेटतो. पिस्टनच्या पोटात जाड पोलादी स्प्रिंग असते, ती दबते आणि पिस्टनची मागची खाच सिअरमध्ये, म्हणजे चापाच्या अडकीत, अडकते. छर्रा ठेवायचा, नळी बंद करायची. चाप ओढला की अडक सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि समोरच्या चेंबरमधली हवा चेपतो. चेंबरच्या टोकाला काही मिलिमीटरचं एक बारीक भोक असतं. चेपलेली हवा त्यातून छऱ्याच्या बुडावर येते आणि त्याला नळीतून ढकलते.

पिस्टन सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत सगळा खेळ साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात आटपतो. तेवढ्या वेळात बंदूक एकदा नव्हे, दोनदा झटका देते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते. पिस्टन चेंबरच्या टोकाशी पोचतो तेव्हा समोर दाबलेल्या हवेची गादी तयार झालेली असते, तिच्यावर तो थबकतो, थोडा मागे उसळतो, पुन्हा पुढे जाऊन बसतो. या वेळी बंदूक पुढे ओढली जाते. हे सगळं होत असताना छर्रा अजून आतच असतो. म्हणून स्प्रिंगच्या बंदुकीने नेम धरणं सिलिंडरच्या बंदुकीपेक्षा अवघड, आणि माझ्या मते शिकणाऱ्यासाठी जास्त उपयोगाचं. हात जरा आवळला तरी ती लगेच दाखवून देते.

हवा झटक्यात चेपली की तापते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दोन-चार वेळा जोरात दाबा, पंपाचं टोक गरम लागतं. बंदुकीत तेच कितीतरी जोराने घडतं आणि चेंबरमधली हवा क्षणभर शेकडो अंशांपर्यंत तापते. तिथे तेल असेल तर ते पेट घेतं. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं ते याच तत्त्वावर. खंडेनवमीच्या त्या चार थेंबांचं पुढे काय होतं ते इथे कळतं. पहिले काही छर्रे मोठ्या आवाजाने सुटतात, नळीतून धूर येतो, जळका वास येतो, आणि घरातला कोणीतरी कौतुकाने म्हणतो, "बघ, अजून किती जोर आहे!" प्रत्यक्षात त्या स्फोटाने पिस्टन उलटा मागे फेकला जातो, स्प्रिंगला पीळ पडतो आणि वॉशरची कड जळते. शिवणयंत्राचं, सायकलचं, खोबऱ्याचं, कोणतंच तेल चेंबरच्या भोकात घालायचं नाही.

थोडंसं ज्वलन मात्र निरोगी बंदुकीतही होतच असतं. इंग्लंडमध्ये पूर्वी झालेल्या प्रयोगांत बंदूक नायट्रोजनमध्ये चालवून पाहिली. प्राणवायू नसल्यामुळे ग्रीसचा सूक्ष्म थर जळू शकला नाही आणि वेग उतरला. त्यामुळे ग्रीस किती आणि कुठे लावलं, यावरही वेग ठरतो. ग्रीसकडे पुढे पुन्हा येऊच.

किटच्या डब्यात काय असतं

नवी स्प्रिंग, तिला सरळ धरणारा, तिच्या आतून जाणारा मागचा गाईड, पिस्टनच्या आत बसणारी टोपी जिला सगळे टॉप हॅट म्हणतात, पिस्टनचा वॉशर, नळीच्या तोंडाचा छोटा वॉशर, एक-दोन चकत्या आणि ग्रीसच्या पुड्या. एवढंच. यात सगळ्यांचं लक्ष स्प्रिंगवर जातं, पण खरी करामत गाईडची.

जुन्या बंदुकीत चाप ओढल्यावर जो "टणण्" असा लांबणारा आवाज येतो, तो स्प्रिंग आपल्या गाईडवर आणि पिस्टनच्या आत सैल थरथरत असल्याचा. कारखान्यातला गाईड बहुधा पत्र्याचा किंवा स्वस्त प्लॅस्टिकचा आणि स्प्रिंगच्या आतल्या मापापेक्षा बराच बारीक असतो. स्प्रिंग दबताना वाकडी होते, सुटताना दर वेळी वेगळ्या तऱ्हेने वळवळते. किटमधला गाईड डेलरिन नावाच्या कठीण, निसरड्या प्लॅस्टिकचा असतो आणि स्प्रिंग त्यावर घट्ट सरकते, हाताने जरा दाबून चढवावी लागते इतकी. पुढच्या टोकाला टॉप हॅट तेच काम करते. दोन्ही टोकं अशी धरली गेली की थरथर संपते, आवाज कोरडा आणि आखूड होतो, आणि गालाला लागणारा झणझणाटही जातो. माझ्या पाहण्यात नुसता गाईड बदलून, स्प्रिंग तीच ठेवूनही बंदुका सुधारल्या आहेत.

चकत्या कशाला, असा प्रश्न पडेल. स्प्रिंग दबताना आणि सुटताना स्वतःभोवती किंचित फिरते. टोकाला गुळगुळीत चकती असली की ती मोकळेपणाने फिरते आणि तो पीळ बंदुकीच्या अंगात उतरत नाही.

वॉशर हा दुसरा महत्त्वाचा भाग. जुन्या बंदुकांत चामड्याचा, नव्यांत पॉलियुरेथेनचा किंवा टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा असतो. त्याची पुढची कड पातळ आणि बाहेर उमललेली असते. हवेचा दाब वाढला की ती कड चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि हवा मागे जाऊ देत नाही. वॉशर फार घट्ट असेल तर पिस्टनचा जोर घासण्यात जातो, सैल असेल तर हवा निसटते. दोन्हीकडे वेग उतरतो. पण सैल वॉशरमध्ये एक धोका जास्तीचा. समोर हवेची गादीच नीट तयार होत नाही आणि पिस्टन चेंबरच्या टोकावर धातूवर धातू आदळतो. छर्रा न घालता बंदूक झाडली तरी हेच होतं, म्हणून रिकामी बंदूक कधी झाडायची नाही.

स्प्रिंगऐवजी गॅसचा बंद नळकांडा बसवायची किटंही मिळतात. त्यात थरथर नसते, पीळ नसतो, आणि बंदूक बराच वेळ भरून ठेवली तरी स्प्रिंगसारखा तो ढिला पडत नाही. पण बंद नळकांड्यातल्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. माळव्यात पौष-माघातल्या पहाटे १० अंश आणि वैशाखाच्या दुपारी ४० अंश असतात. तेवढ्या फरकाने तो दाब साधारण १० टक्के वाढतो. वर्षभर सराव करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. मला स्वतःला पोलादी स्प्रिंग आणि नीट बसलेला गाईड हीच जोडी आवडते. बिघाड झाला तर तो दिसतो, आणि इंदुरात दुरुस्त होतो.

२० जूलची रेषा

इथे घाई करू नका. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाची नळी आणि तोंडाशी २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की ती परवान्याची वस्तू होते. तुम्ही दुकानातून विनापरवाना आणलेल्या बंदुकीत जबर स्प्रिंग घातली आणि ऊर्जा २० च्या वर गेली, तर घरात विनापरवाना शस्त्र आलं. किटच्या खोक्यावर काय लिहिलंय हा इथे बचाव होत नाही. बंदूक प्रत्यक्षात किती ऊर्जा देते ते मोजलं जातं.

हिशोब शाळेतलाच आहे : ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. स्पर्धेत वापरतात तसा ०.५३ ग्रॅमचा छर्रा २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटला तर १०.६ जूल. २५० ने सुटला तर १६.६ जूल. हाच छर्रा २७५ च्या आसपास गेला की २० जूलची रेषा आली. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेग थोडा वाढला तरी ऊर्जा भराभर चढते. छर्रा बदलला की ऊर्जाही बदलते. ०.६८ ग्रॅमच्या जड छऱ्याला तीच रेषा सुमारे २४२ मीटर प्रतिसेकंद वेगाला लागते. त्यामुळे तुम्ही वापरता त्या प्रत्येक छऱ्याने मोजून बघा.

किटं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारासाठी बनतात, त्यामुळे खोक्यावर ऊर्जा फूट-पाउंडात लिहिलेली असते. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ जूल. इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे १६.३ जूल आहे. तिथल्या मर्यादेत बसणारं किट आपल्याकडेही मर्यादेत राहण्याची शक्यता जास्त, म्हणून मी तेच सुचवतो. जर्मनीत ही मर्यादा आणखी खाली, ७.५ जूल. तिथल्या बंदुकीवर पंचकोनात 'एफ' हे रोमन अक्षर कोरलेलं असतं. अशी बंदूक घरात असेल तर ती मवाळ आहे म्हणून हिरमुसू नका. १० मीटरवर कागदाचं लक्ष्य भेदायला ७ जूल पुरतात. अमेरिकन किटांवर "मॅग्नम", म्हणजे जास्त ताकदीचं, असं लिहिलं असेल तर ते घेऊ नका.

वेगाचा हव्यास नेमालाही मारक आहे. डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास गेला की डगमगतो आणि कागदावरचा छऱ्यांचा पुंजका विस्कटतो. शिवाय जबर स्प्रिंगने दोन्ही झटके वाढतात. हातात बंदूक जितकी जास्त उडते, तितकं नेमबाजाचं कसब जास्त लागतं.

उघडण्याआधी मोजा

बंदूक न उघडता करायच्या तीन गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्यांतच काम होतं.

दस्त्याचे स्क्रू घट्ट करा. पुढच्या बाजूला दोन आणि चापाच्या कड्याजवळ एक-दोन असतात. स्प्रिंगच्या धक्क्याने ते ढिले होतात आणि बंदूक लाकडात हलते. "नेम सरकतो" या तक्रारीचं सगळ्यांत सामान्य कारण हेच.

मग नळीच्या तोंडाचा वॉशर. नळी आणि चेंबर जिथे मिळतात त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवा, छर्रा भरा आणि सुरक्षित अडोशावर झाडा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथून गळते. हा वॉशर बदलायला बंदूक उघडावीही लागत नाही, टोकदार सळीने जुना काढायचा आणि नवा बोटाने बसवायचा. जुना काढून व्हर्नियरने मोजलात तर इंदूरच्या सियागंज बाजारात त्या मापाची रबरी ओ-रिंग मिळण्याजोगी असते.

तिसरं, क्रोनोग्राफ. छऱ्याचा वेग मोजणारं हे छोटं यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही, एखाद्या रेंजवर किंवा प्रशिक्षकाकडे असतं. एकाच डब्यातले १० छर्रे झाडून वेग लिहून काढा. सरासरी बघा, पण त्याहून जास्त लक्ष सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातल्या फरकाकडे द्या. चांगल्या बंदुकीत हा फरक ३ ते ५ मीटर प्रतिसेकंद असतो. कोरडी पडलेली, वॉशर गेलेली बंदूक १५-२० मीटरचा फरक सहज दाखवते.

तो फरक कागदावर काय करतो? १० मीटरवर २०० मीटर वेगाचा छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ मिलिमीटर खाली येतो, १८० मीटर वेगाचा सुमारे १५. म्हणजे नेम अगदी तोच असूनही ३ मिलिमीटरची उभी चूक. १० मीटर रायफलच्या अधिकृत लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पुढची प्रत्येक कडी अडीच मिलिमीटर रुंद असते. मुलाचा हात स्थिर असून बंदुकीमुळे एक कडी गेली. किट घेतलं पाहिजे ते या ३ मिलिमीटरसाठी. १० छऱ्यांमधला फरक आधीच ५ च्या आत असेल तर बंदूक उघडूच नका, ते पैसे चांगल्या छऱ्यांवर घाला.

मुंबईच्या मित्राचे आकडे आणि तुमचे आकडे जुळले नाहीत तर बिचकू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे आणि इथे हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी असतो. चेंबरमध्ये चेपायला हवाच थोडी कमी मिळते.

उघडणं

यातलं सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे मागचा ठोकळा काढणं. चापाची पेटी ज्या ठोकळ्यावर असते त्याच्या पुढे स्प्रिंग दाबून बसवलेली असते, बंदूक भरलेली नसतानाही. स्प्रिंग आतल्या जागेपेक्षा काही सेंटिमीटर लांब असते आणि तो जोर हाताने रोखण्याच्या पलीकडचा असतो. काही बंदुकांत हा ठोकळा आट्यांचा असतो, काहींत एक-दोन आडव्या पिनांवर अडकवलेला. पिन ठोकून काढली की ठोकळा सुटतो आणि समोर चेहरा असेल तर चेहऱ्यावर येतो. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय पिनला हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर म्हणजे फार काही नाही. जाड फळी, तिच्या एका टोकाला नळीचं तोंड टेकवायला आधार, दुसऱ्या टोकाला लांब आट्यांचा बोल्ट. सुताराचा लांब सॅश क्लॅम्पही चालतो. बंदूक त्यात सरळ रेषेत धरायची, ठोकळ्यावरचा भार बोल्टने घ्यायचा, मग पिन काढायची आणि बोल्ट सावकाश उलटा फिरवत स्प्रिंग मोकळी करायची. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि उभं राहायचं ते बाजूला. घरात लहान मुलं असतील तर दार लावून घ्या.

त्याआधी दोन खात्र्या. नळीत छर्रा नाही, आणि स्प्रिंग ताणलेली नाही. नळी उघडी असताना चाप कधीच ओढायचा नाही. स्प्रिंग सुटली तर नळी झटक्याने वर येते, बोटं चिरडते आणि स्वतःही वाकते. नळी ताणताना आणि छर्रा ठेवताना दुसऱ्या हाताने ती घट्ट धरून ठेवायची सवय तर कायमचीच लावून घ्या.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, भाग वर्तमानपत्रावर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडा. नळीच्या सांध्यात दोन पातळ चकत्या असतात, कोणती कोणत्या बाजूची हे नंतर आठवत नाही. आतला जुना काळा चिकटा रॉकेलने धुवा, मग फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. आत राहिलेलं रॉकेलही पेटतंच.

बसवणं

किट आपल्या बंदुकीच्या नेमक्या मॉडेलचं हवं. आपल्याकडच्या अनेक जुन्या बंदुका जर्मन किंवा इंग्रजी नमुन्यावरून बेतलेल्या आहेत, बाहेरून जुळ्या दिसतात, पण चेंबरचा व्यास अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने वेगळा निघतो. वॉशरला तेवढं पुरे होतं. किट मागवण्याआधी व्हर्नियरने चेंबरचा आतला व्यास, पिस्टनच्या पोटाचा व्यास आणि जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी मोजा. परदेशी किट जुळत नसेल तर अडून बसू नका. इंदुरात पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडला लेथचं काम करणारे आहेत, त्यांना डेलरिनचा दांडा आणि माप नेऊन दिलं की गाईड आणि टॉप हॅट कातून मिळते. गाईडचा बाहेरचा व्यास स्प्रिंगच्या आतल्या व्यासाएवढाच, केसभर जास्त, असं सांगायचं.

स्प्रिंगची एक पडताळणी टाळता येत नाही. पूर्ण दबल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात तेव्हा तिची लांबी किती होते? तारेची जाडी गुणिले वेटोळी. ३.२ मिलिमीटर तार आणि ३३ वेटोळी असतील तर सुमारे १०६ मिलिमीटर. पिस्टन पूर्ण मागे असताना स्प्रिंगसाठी आत याहून जास्त जागा शिल्लक हवी, तीही गाईड आणि टॉप हॅटच्या जाड्या वजा करून. जागा कमी पडली तर पिस्टन अडकीपर्यंत पोचतच नाही, आणि नळी जोराने ओढली तर दांडा वाकतो. अशा वेळी स्प्रिंग लहान करावी किंवा चकती काढावी.

पिस्टन आत घालताना वॉशर चेंबरच्या लांब खाचेवरून जातो. त्या खाचेच्या कडा कारखान्यातून बहुधा धारदारच येतात आणि नव्या वॉशरची कड पहिल्याच फेरीत कापतात. मग माणूस किटला दोष देतो. आधी बारीक पॉलिश पेपरने त्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या गुळगुळीत करा, लोखंडाचा कीस संपूर्ण पुसून काढा. आता कोरडा वॉशर लावलेला पिस्टन आत सरकवून बघा. अंगठ्याच्या दाबाने एकसारखा जायला हवा. सुताराच्या हातोडीची गरज वाटली तर तो घट्ट आहे, मग पिस्टन ड्रिलमध्ये धरून फिरवत बारीक पेपरने वॉशरचा बाहेरचा भाग थोडा थोडा उतरवायचा. आपोआप घसरून गेला तर तो सैल आहे आणि त्यावर इलाज नाही, दुसरा आणा.

ग्रीस. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट पिस्टनच्या मागच्या घासणाऱ्या पट्ट्यावर, बोटाने पुसून टाकल्यासारखी पातळ. वॉशरच्या बाजूंना जेमतेम ओल, त्याच्या तोंडावर काहीच नाही. स्प्रिंगवर किटबरोबर आलेलं घट्ट, चिकट ग्रीस अगदी थोडं. ते थरथर शोषून घेण्यासाठी असतं. गाईड नीट बसला असेल तर फार लागतच नाही, जास्त थापलं तर थंडीत पिस्टन जड होतो.

चापाच्या आतल्या अडकीला हात लावू नका. तिचे पृष्ठभाग घासून चाप हलका करण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्या अडकीवर दाबलेली स्प्रिंग तोललेली असते. घासून ती पकड कमी झाली की नळी बंद करतानाच बंदूक सुटू शकते. बाहेरून स्क्रूने जेवढं कमी-जास्त होतं तेवढंच करा.

बसवल्यावर

पहिले वीस-तीस छर्रे थोडा धूर आणि वास देतील, वेगही वरखाली होईल. वॉशर चेंबरला रुळायचा असतो आणि नवी स्प्रिंगही थोडी ढिली पडते. दोन-तीनशे छर्रे झाल्यावरच आकड्यांवर विश्वास ठेवा.

झाडण्याची जागा आधी ठरवा. गच्चीवर पत्र्याचा डबा ठेवून झाडणं बंद करा. छर्रा पत्र्यावरून उलटा येतो, आणि हुकला तर काही शे मीटर जाऊन कुणाच्या तरी अंगणात पडतो. मागे जाड लाकूड, त्यापुढे जुन्या चिंध्या ठासून भरलेलं खोकं, दोन्ही बाजूंना भिंत. चष्मा सगळ्यांना. पक्ष्यांवर नेम धरायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो पोपटांची खोड मोडायला आलेल्या मुलालाही लागू होतो. दुर्बीण लावायची असेल तर खास स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी बनलेलीच घ्या. मागे-पुढे अशा दोन्ही झटक्यांत साध्या दुर्बिणीतल्या काचा आणि रेघा जागेवरून हलतात.

आता तेच छर्रे, तेच अंतर, पुन्हा १० वेळा. नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा. आधी ऊर्जा काढून २० जूलच्या बरीच खाली आहे ना ते बघा. नसेल तर बंदूक तशीच वापरू नका, मऊ स्प्रिंग घाला किंवा चकती काढून दाब कमी करा. मग फरक बघा. तो १५ वरून ५ वर आला असेल आणि सरासरी तेवढीच राहिली असेल, तर किटने आपलं काम चोख केलं.

फरक कमी झाला नसेल तर शोध या क्रमाने घ्या. आधी नळीच्या तोंडाचा वॉशर, पुन्हा टिश्यू पेपर लावून. मग छर्रे : एकाच डब्यातले काही छर्रे नळीत सहज घसरतात, काही दाबावे लागतात, असं आहे का ते बघा. मग आवाज ऐका. लांब "टणण्" अजूनही येत असेल तर गाईड सैल आहे. "ठक्" असा धातूचा कडक आवाज येत असेल तर वॉशर हवा धरत नाही आणि पिस्टन आदळतोय, त्या दिवशी एकही छर्रा जास्त झाडू नका. आणि आकडे सगळे चांगले असूनही कागदावर पुंजका पसरत असेल, तर पुढचा हात तपासा. स्प्रिंगच्या बंदुकीला मुठीत आवळायचं नसतं. पुढचा दस्ता उघड्या तळव्यावर नुसता ठेवायचा, दर वेळी त्याच जागी, आणि तिला मागेपुढे हवी तशी सरकू द्यायची.